लादीवरच्या बाटल्या

आत्या : नाही म्हणजे नाही. हा डबा माझ्या मांडीवरून हलायचा नाही. चार दिवस पोरगी दवाखान्यात सलाइनवर पडून होती, ती या सुयांपायीच.

मुलगी : सुयांपायी नाही, आत्या. डबा दे, त्यात दवाखान्यातून आणलेली नवी बाटली आहे. जेवायची वेळ झाली, त्याआधी इन्सुलिन घ्यावं लागतं मला.

आत्या : महिनाभर टोचून घेतलंस ना? काय गुण आला? अंगावरचे कपडे खुंटीला टांगल्यासारखे दिसायला लागलेत. अरे, बाप ना तू हिचा? तोंड उघड की जरा!

वडील : मी काय बोलू, ताई? मलाही वाटतं, ते औषधच खोटं होतं.

मुलगी : औषध खरं होतं, बाबा. ते गोठलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, बाटल्या कुठे ठेवता? मी म्हटलं, वडील सांभाळतात. आता तुम्हीच सांगा, कुठे ठेवायचात?

वडील : कुठे म्हणजे? कारखान्यात. बर्फाच्या कोठीत, लादीवर, फडक्यात गुंडाळून. एक संपली की दुसरी आणून द्यायचो. घरच्या फ्रिजचा काय भरवसा? खोक्यावर लिहिलंय, थंड ठेवा. माझ्याइतकं थंड या गावात कोण ठेवतं?

मुलगी : थंड, बाबा. गोठवून नाही. एकदा गोठलं की त्याचा जोर जातो. मग वितळून पूर्वीसारखं दिसलं, तरी उपयोग नाही.

वडील : एकतीस वर्षं बर्फ काढतोय मी. माझ्या कोठीत ठेवलेलं आजवर काही नासलं नाही. मासळी म्हण, फुलं म्हण...

मुलगी : ही मासळी नाही.

आत्या : घ्या! आता बापालाच बोल लावते. अगं, ताटभर जेवत होतीस आणि तरी वाळत होतीस, त्याचं काय?

मुलगी : त्याचंच सांगते. बाबा, कोठी लाद्यांनी छतापर्यंत भरलीय, बाहेर गाड्या रांगेत उभ्या आहेत, आणि हमाल एकही आला नाही. काय होईल?

वडील : काय व्हायचं? गाड्या रिकाम्या राहतील. बर्फाचं पाणी होऊन मोरीत जाईल.

मुलगी : माझ्यात तेच झालं. खाल्लेल्याची साखर रक्तात साचली, पण ती पेशींपर्यंत पोचवणारं इन्सुलिनच नव्हतं. माझं शरीर ते बनवत नाही, बाहेरून घ्यावं लागतं. साखर लघवीवाटे गेली, अंग उपाशी राहिलं. मग अंगातली चरबीच जळायला लागली आणि रक्त आंबलं. धाप लागली होती ना मला? ती त्याची.

आत्या : म्हणून म्हणते, काढा घे. कुणाला कळणारसुद्धा नाही. सतरा वर्षांची आहेस. उद्या स्थळं बघायची. सुईवाली असं नाव पडलं की कोण उभं करणार दारात?

मुलगी : पडू दे नाव. सुईवाली म्हणून जगेन. झाकपाक करत मरायचं नाही मला.

वडील : ताई, डबा दे तिला.

आत्या : तूसुद्धा?

वडील : मीच गोठवलं गं ते. या हातांनी, कौतुकानं. दे.

मुलगी : आणि यापुढे बाटल्या मी सांभाळणार.

वडील : मी नीट ठेवीन आता. सांग, कसं ठेवायचं ते.

मुलगी : सांगीन. पण ठेवणार मी.

आत्या : बरं बाई, घे तुझा डबा. निदान आत जाऊन टोच. नाहीतर तो खिडकीचा पडदा तरी ओढ. समोरची माणसं बघताहेत.

मुलगी : बघू देत. आत्या, पडदा सोड.

(आत्या पडदा सोडते. मुलगी सुईत औषध भरते आणि पोटाची चिमूट धरते.)

आत्या : दुखतं का गं?

मुलगी : दुखतं थोडं. तू वाढायला घे. वीस मिनिटांत मला जेवायला हवं.