सहा सह्यांचा वर्ग

अहो, तुम्हीच सांगा, एक फळा, एक सर, सहा बाकं आणि विद्यार्थी एकच, तोही सेहेचाळीस वर्षांचा, चष्मा लावलेला… याला वर्ग म्हणायचं की नाही? मुक्त विद्यापीठ म्हणतं, नाही! सलग तीन रविवार सहापेक्षा कमी विद्यार्थी आले, की पेणचा वर्ग बंद. नियम आहे. आणि नियमाविरुद्ध माझी तक्रार नाही, तुम्हाला सांगतो, माझी हयात नियमावर गेली. रोह्याच्या कारखान्यात बावीस वर्षं टाइमकीपर आहे मी! गेटवरच्या खिडकीत बसतो, आठशे माणसांची कार्डं तपासतो, एकाचं कार्ड दुसऱ्याने ठोकलेलं दिसलं की त्याचा दिवस कापतो. कारण खोटी हजेरी हे पाप आहे. वरही एक खिडकी आहे, आणि तिथला टाइमकीपर रजेवर जात नाही.

आता असा मनुष्य लोकांना आवडतो का? कँटीनमध्ये मी ताट ठेवलं की समोरचा उठतो. "बसा साहेब, माझा झाला," म्हणतो, आणि त्याच्या ताटात भात तसाच! घरी जावं, तर पत्नी जाऊन आठ वर्षं झाली, लेक सासरी, घरात मी आणि देव्हारा. मग ठरवलं, बी.ए. व्हायचं. का? तर पदवीधराला खिडकीतून उचलून आत कार्यालयात घेतात. आत पाच टेबलं आहेत, सहावं रिकामं. अकरा वाजता सगळे मिळून चहा घेतात… मी काचेतून बावीस वर्षं पाहतो आहे.

म्हणून दर रविवारी धावीर महाराजांना हात जोडून साडेसातची एसटी. नागोठणे, गडब, पेण. दहाला सर वर्गात येतात आणि नाव घेतात, "दत्तात्रेय काळुराम!" मी उभा राहतो. "हजर!" अहो, हसता काय? आठशे जणांची हजेरी रोज घेणारा मनुष्य मी, माझी हजेरी बावीस वर्षांत कुणी घेतली होती?

शेवटच्या वर्षाच्या पहिल्या रविवारी आम्ही सहाही जण होतो. दुसऱ्या रविवारी मी एकटा. बाकीचे पाच? जोहे गावचा गुणाजी मूर्तिकार, त्याला एसटी स्टँडवर गाठलं, तर म्हणाला, "मास्तर, दोनशे गणपतींचे डोळे आखायचे हायत. देवाला आंधळा ठेवून इतिहास शिकू काय?" सरू अंगणवाडीत. ती म्हणते, "भाऊ, रविवारी घरात पाव्हणे, मी येऊ कशी?" पुंडलिक आणि गोविंदा धरमतरच्या जेटीवर कामाला. ते म्हणतात, "बार्ज भरती बघून लागतो, रविवार बघून नाय!" आणि गडबचे हैबतराव, निवडणुकीला उभे राहणारे, ते तर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "नावाम्होरं बी.ए. लागला की झाला. आमच्या सह्या तुमीच मारा, तुमी हाव ना तिथं!"

मी काय म्हणालो असेन? स्टँडवरची माणसं वळून पाहतील अशा आवाजात म्हणालो, "खोटी हजेरी हे पाप आहे!"

तिसऱ्या रविवारी पुन्हा मी एकटा. सर खडू ठेवून म्हणाले, "दत्तात्रेय, पुढच्या रविवारी असंच झालं तर वर्ग बंद. तुम्ही आपले घरी वाचा." घरी! कुणासमोर? नाव कोण घेणार, देव्हारा?

चौथ्या रविवारी नऊलाच पोहोचलो. हजेरीचं पुस्तक टेबलावर होतं. डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं… आणि पाच सह्या केल्या. पाच हातांच्या! सरूची बारीक, हैबतरावांची ओळ सोडून बाहेर जाणारी. सर आले, पुस्तक पाहिलं, मग पाच रिकाम्या बाकांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "आज सगळे आले म्हणायचे." पण नाव फक्त माझं घेतलं.

असे अकरा रविवार! आणि तुम्हाला सांगतो, पाप केलं, पण नीट केलं. पाच माणसं एकाच मिनिटाला येतील का? म्हणून प्रत्येकापुढे वेळ लिहिली, ९.५२, ९.५५… पुंडलिकाला तर मी दोनदा लेट मार्क दिला. जेटीवरून यायचं म्हणजे उशीर व्हायचाच!

त्याच्या पुढच्या रविवारी एसटी गडबला बंद पडली. धावत पोहोचलो तो अकरा-चाळीसला. वर्गात कुणी नाही. टेबलावर पुस्तक. घाईघाईने पाच सह्या केल्या, प्रत्येकीपुढे वेगळी वेळ घातली, सगळ्या दहाच्या आतल्या. मग स्वतःची केली आणि हात थांबला. स्वतःच्या नावापुढे खोटी वेळ? छे! खोटी हजेरी हे पाप आहे! स्वच्छ लिहिलं, '११.४०, उशीर, एसटी बंद.'

मागून आवाज आला, "मी विद्यापीठाचा तपासनीस. दहापासून सर आणि मी याच खोलीत बसलो होतो, आत्ता जरा चहाला उतरलो. हे पाच जण तेव्हा कुठे बसले होते हो, माझ्या मांडीवर?"

चौकशी झाली. पाचही जणांनी लिहून दिलं, आम्ही यांना सह्या करायला सांगितलं नव्हतं. हैबतराव मुद्दाम रोह्याला भेटायला आले, "मास्तर, वाईट वाटून घेव नका, लिवून द्यायलाच लागतं." आधीचे अकरा रविवार खोटे ठरवायला पुरावा नव्हता, कारण वेळांसकट लिहिलेले होते. तेव्हा त्यांची हजेरी पूर्ण! परीक्षेला बसले, पाचही पास! गडबच्या नाक्यावर फलक लागला आहे, 'श्री. हैबतराव, बी.ए.', आणि एसटी नेमकी त्याच्याखाली थांबते.

मला वर्षभर परीक्षाबंदी. सहाव्या टेबलावर दुसरा आला. गेटवरून आत येताना माणसं हात वर करून म्हणतात, "साहेब, आमची पण लावा!"

बंदी संपली, पुन्हा पेणला गेलो. यादीत नाव एक. तीन रविवार सरांनी ते नाव घेतलं, मी उभा राहिलो, आणि वर्ग बंद झाला. आता पुस्तकं पोस्टाने येतात. पोस्टमन दारात उभा राहून पुकारतो, "दत्तात्रेय काळुराम!" आणि माझ्या तोंडून आतून निघून जातं, "हजर!"

"अवो, हजर काय, सही करा."

करतो. एकच करतो.