छातीची डावी बाजू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष श्री. डग्लस पिअरमन, व्यासपीठावर बसलेले माजी सैनिक संघाचे ज्येष्ठ सदस्य श्री. लेस ट्रेव्हिथिक, माझे सहकारी, पालकमंडळी, आणि पुढे मांडी घालून बसलेल्या माझ्या मुलांनो,

छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर स्वतःबद्दल इतकं चांगलं ऐकलं, की आपण दुसऱ्याच कुणा बाईंच्या निरोपाला आलो की काय, असं वाटलं. लॅमिंग्टन केक करणाऱ्यांचे मनापासून आभार; एक मी आधीच खाल्ला आहे. डग्लस, अंगणातला भोंगा चालू ठेवलात ना? कशासाठी, ते सांगते.

अध्यक्ष म्हणाले, या बाईंनी गावातल्या लेकरांना सैनिकांचे उपकार मानायला शिकवलं. खरंच शिकवलं का हो मी? दर एप्रिलमध्ये, अँझॅक दिनी युद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ निघणाऱ्या संचलनाच्या आधी, मी मुलांकडून घोकून घेत असे : स्वतः मिळवलेली पदकं छातीवर डाव्या बाजूला, आजोबा-पणजोबांची उजव्या. आजवर एकही मूल त्यात चुकलं नाही. चुकले मी.

या वर्षी संचलनासाठी मुलं रांगेत उभी होती. तिसरीतल्या विनीबरोबर तिची आई आली होती, टॅमसिन रूक. टॅमसिनही माझीच विद्यार्थिनी, पण मधली बरीच वर्षं गावात नव्हती. निळा कोट, आणि डाव्या बाजूला चार पदकं. मी हसत हसत पुढे झाले. म्हटलं, "अगं, विसरलीस ना? आजोबांची उजवीकडे." ती काही बोलायच्या आत, सगळ्या मुलांदेखत, मी माझ्या हातांनी ती पदकं काढून उजवीकडे लावली. ती ताठ उभी राहिली. स्मारकापर्यंत तशीच चालत गेली.

नंतर चहाच्या वेळी लेस माझ्याजवळ आले. "बाई, जन्मभर पोरांना डावं-उजवं शिकवलंत आणि आज हे काय करून बसलात? पोरीची स्वतःची आहेत ती. दोनदा अफगाणिस्तानात जाऊन आलीय. जखमींना उचलून आणायची."

मला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि ते अजून गेलेलं नाही.

त्याच दुपारी तिच्या घरी गेले. जाळीच्या दारामागूनच ती म्हणाली, "सोडा हो बाई. सगळ्यांना तसंच वाटतं. तुमच्या वर्गाच्या भिंतीवर सैनिकांची इतकी चित्रं होती, त्यात बाई एकही नव्हती. मग तुम्हाला तरी कसं सुचणार?"

त्यानंतर चारदा गेले. दार उघडलं नाही. पत्र टाकलं, ते न फोडता परत आलं. आणि या शनिवारी त्यांच्या सामानाचा ट्रक येतोय. मायलेकी गाव सोडून चालल्या आहेत.

काल मधल्या सुट्टीत विनीनं मला विचारलं. विनी, तुझं नाव घेते, रागावू नकोस बाळा. ती म्हणाली, "बाई, आईची पदकं खोटी आहेत का? मुलं म्हणतात, बाईंनी काढली म्हणजे खोटीच असणार."

ऐकलंत? हे माझ्या छत्तीस वर्षांचं फळ. आणि तुम्ही मला चांदीचं तबक देताय. शनिवारच्या आत मी काय करू, सांगा ना कुणीतरी. माझं डोकं चालत नाही.

भाषणाच्या शेवटी चूकभूल पदरात घ्या म्हणायची रीत आहे. आजवर ती मी तोंडदेखली पाळली. टॅमसिनचं घर रस्त्यापलीकडेच आहे. शाळेच्या भोंग्याचा आवाज थेट तिच्या स्वयंपाकघरात येतो, अशी तिची तक्रार होती. म्हणून आज तो चालू ठेवलाय.

टॅमसिन, ती पदकं तुझी आहेत. तू बरोबर होतीस, मी चुकले. आज सगळ्या मुलांदेखत सांगते. जमलं तर माफ कर. नाही जमलं, तरी विनीला ती डावीकडे लावून दाखव.

मुलांनो, उभे राहा. टाळ्या नकोत. खिडक्या तेवढ्या उघडा, आणि जरा वेळ गप्प राहू या. तिकडून काही उत्तर आलं, तर ते आपल्याला ऐकू यायला हवं.