देठाशी लाल ठिपका

डब्याच्या काठावर ब्रश आपटल्याचा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला, लालबर्र्याच्या आमच्या विहाराच्या बंद दारामागून. बुद्धपौर्णिमा जवळ आली की बाया विहार पोतायच्या. मला वाटलं, चुना चालू असेल. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पिंपळाखाली बसलेले बुद्ध होते. आम्ही नुसते बघत राहिलो. चितारी कोण, ते कोणालाच कळलं नाही.

परवा नात मोबाइलवर जपानी मालिका बघत होती. तिच्यातही असंच एक चित्र, आणि चितारी बेपत्ता. शोधणारा म्हातारा चित्रातल्या चेहऱ्याकडं बघेचना.

नात म्हणाली, "आबा, चेहरा तं सगळेच सांभाळून काढतात. पानं मात्र हात आपल्या मनानं काढते. तो पानंच पाहून राह्यला."

मी उठलो आणि विहारात गेलो. त्या भिंतीला टाइल्स लावायला मिस्त्री मसाला कालवत होता. पिंपळाच्या एकूणएक पानाच्या देठाशी लाल ठिपका होता. असाच ठिपका आमच्या शेजारच्या सखूबाई दरसाल आपल्या दारावर रंगवलेल्या वेलीच्या पानांना देतात.

काम बघत उभ्या असलेल्या विहाराच्या अध्यक्षांना मी म्हणालो, "थांबवा. ज्यानं काढलं त्याले विचारा अगोदर."

"कोणाले विचारू, काका? पत्ता तं द्या."

"तुमच्या मांगं बसल्या हायेत."

"सखूबाई? त्या तं चुना माराले येत होत्या."

"हौ. चुना झाल्यावर मंग दार लावून हे काढलं."

मिस्त्रीनं थापी खाली ठेवली. सखूबाई उठल्या, एका पानावर उडालेला सिमेंटचा शिंतोडा पदरानं पुसला आणि घराकडं निघून गेल्या.