हादरा तुमच्या बाजूला

शेजारी : हसू नका, बाई. खरंच विचारतोय. ज्वालामुखी हलतोय आणि तुमच्या वेधशाळेत धावपळ कशी नाही?

बाई : आमच्याकडे कशाला? हादरे सगळे सरहद्दीच्या तुमच्या अंगाला. चांगले खोल. मीच काळजीने तुम्हाला फोन लावणार होते.

शेजारी : थांबा. आमच्या वेधशाळेच्या गणितात ते तुमच्या अंगाला आहेत.

बाई : काय सांगता!

शेजारी : खोल, आणि तुमच्याकडे. आमचे वरिष्ठ सकाळी सगळ्यांना चहा पाजत होते.

बाई : अरे देवा. आमचं तर पत्रकही निघालं. 'हालचाल शेजारी देशाच्या हद्दीत, नागरिकांनी निश्चिंत राहावं.'

शेजारी : म्हणजे ज्याला त्याला आग दुसऱ्याच्याच घराखाली दिसतेय.

बाई : दिसणारच. तुमची यंत्रं डोंगराच्या तुमच्या अंगाला, आमची आमच्या. एकाच बाजूने ऐकलं की जागा चुकते. पोरांना आपणच शिकवतो की हे!

शेजारी : शिकवतो. पण इतकी वर्षं दोन्हीकडच्या नोंदी जोडूनच गणित केलं. एकट्याने करताना काय चुकतं, तेच विसरलो.

बाई : नोंदी पाठवा.

शेजारी : बंदी आहे. सरकारचा हुकूम, पलीकडे काही पाठवायचं नाही.

बाई : आम्हालाही आहे. पण बंदी फाइली पाठवायला, बोलायला कुठे? हादरा कुठल्या केंद्रावर कधी पोचला, तेवढं वाचा. मी उतरवून घेते.

शेजारी : तुम्ही वकील व्हायचं होतं.

बाई : सासूबाईही तेच म्हणतात. वाचा.

(बऱ्याच वेळाने. फोन टेबलावर, स्पीकर चालू. दारात साहेब, वेधशाळेचे प्रमुख.)

साहेब : कुणाशी चाललंय हे?

बाई : पलीकडच्या केंद्राशी.

साहेब : बाई! आधी फोन ठेवा.

बाई : आधी पडद्यावर बघा.

साहेब : मला काही बघायचं ना— हे काय? हादऱ्यांचे ठिपके इतके वर कसे आले?

बाई : दोन्हीकडच्या नोंदी जोडल्या. खोल नाही, उथळ आहे. सकाळपासून वर चढतंय. डोंगराच्या धारेपलीकडे, त्यांच्या गिरणीच्या वस्तीखाली.

साहेब : पलीकडेच ना? मग आपलं पत्रक तसं चूक नाही.

बाई : 'निश्चिंत राहावं' लिहिलंय त्यात.

साहेब : आपल्या नागरिकांनी.

शेजारी : साहेब, मी ऐकतोय.

साहेब : ऐका हो! तुमची वस्ती, तुमचं सरकार. हलवा ना. आमच्या गळ्यात कशाला मारता?

शेजारी : आमच्या एकट्याच्या गणितात ते तुमच्याकडे दिसतं. वरिष्ठ विचारतील, नवे आकडे आणले कुठून? खरं सांगितलं तर मला आत टाकतील आणि वस्ती तिथेच राहील.

बाई : आपण सुधारित पत्रक काढू. त्याला बंदी नाही. तिकडचे लोकही वाचतात ते.

साहेब : काढू. आपलं गणित म्हणून.

बाई : आणि खालची ओळ? 'दोन्ही देशांच्या केंद्रांवरील नोंदींवरून', आणि पुढे दोन्ही वेधशाळांची नावं.

साहेब : ती ओळ बंदी आली त्या दिवशीच काढली. आता घातली, तर उद्या माझ्या खुर्चीत दुसरा कुणी बसेल. तुम्ही तर फाटकाच्या आतही नसाल.

शेजारी : ओळीशिवाय काढू नका. लोक म्हणतील, तिकडचे मुद्दाम भीती घालतायत. हट्टाने बसून राहतील. आमच्याच यंत्रांचं नाव वाचलं तर उठतील. माझं काय करायचं ते करू देत मग.

साहेब : संध्याकाळपर्यंत थांबू. मंत्रालयाला विचारतो, आणखी नोंदी येऊ देत—

बाई : घ्या. आला हादरा.

शेजारी : आमच्या खिडक्या वाजल्या.

साहेब : आधी कुठल्या केंद्रावर पोचला?

शेजारी : कुरणातल्या.

साहेब : कुरणातल्या... तिथला यंत्राचा खड्डा मी खणलाय. तुमच्या त्या टकल्या इंजिनिअरबरोबर. पाठ धरली होती माझी, आणि हा बाबा वर उभा राहून सूचना देत होता.

शेजारी : निवृत्त झाले ते. गिरणीमागेच घर बांधलंय.

साहेब : तिथे? अक्कल गहाण टाकली होती का त्याने?

शेजारी : उन्हात बसायला बरं, म्हणतात.

बाई : साहेब, पत्रक उघडून ठेवलंय.

साहेब : दिसतंय मला. मागे लागू नका.

बाई : ओळ?

(साहेब खुर्ची ओढून पडद्यासमोर बसतात.)

बाई : साहेब?

साहेब : घाला. आणि खाली सहीला फक्त माझं नाव. तुमचं कुठेही नको, एकाने घरी बसलं तेवढं पुरे. अहो शेजारी, त्या ओळीत पहिलं नाव कुणाचं यायचं?

शेजारी : एक महिना तुमचं, एक महिना आमचं. या महिन्यात तुमचं आलं असतं.

साहेब : मग तसंच घाला, बाई.

शेजारी : नको. आज आमचं आधी घाला, साहेब. सामान आम्हाला उचलायचंय.