मैंदर्गीतला हाय प्रेस

हसणार असाल तर आधी चहा संपवा, मग सांगतो. परवा मैंदर्गीला मामाकडं गेलो होतो. टीव्हीवर भारताची फुटबॉल मॅच लागलेली आणि मी मामाला शिकवत होतो, "आपली टीम आता हाय प्रेस खेळते. सगळ्यांनी पुढं जायचं आणि समोरच्याला त्याच्याच गोलपाशी घेरायचं!"

मामाचा जन्म मेंढरं राखण्यात गेलेला. म्हणाला, "आन मागं कोन ऱ्हातंय?"

"कुणीच नाही! तीच तर गंमत हाय की!"

तेवढ्यात बाहेर गलका झाला. मेंढरं कोंडलेल्या जाळीतून एक बोकड सुटून शेजारच्या मक्यात घुसला होता. मला लई चेव आला.

"मामा, आता बघाच! सगळे पुढं! घेरा त्याला!"

जाळीच्या तोंडाशी मामी उभी होती, तिलाही मी मक्यात पळवलं. घरचे-शेजारचे मिळून आम्ही सात जण बोकडावर तुटून पडलो. तो माझ्या दोन्ही पायांच्या मधून निसटला. मागं वळून बघतो तर उघड्या जाळीतून सगळी मेंढरं आरामात मक्याकडं निघालेली.

आणि नेमका तेव्हाच घरातून टीव्हीवाला ओरडला, "मागं कुणीच नाही! भारतावर गोल!"

मामा शांतपणे म्हणाला, "तुमच्या कोचला चार दिस माज्याकडं धाड."

मग माझा दंड धरून त्यानं मला जाळीच्या तोंडाशी उभं केलं. "हितनं हलायचं न्हाय."

दुसरा हाफ मी तिथूनच ऐकला.