दुर्वाची हजेरी

मंडळी, टाळ जरा गुडघ्यावर ठेवा. आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो, आणि उत्तर मोठ्यानं द्यायचं. मनातल्या मनात देणाऱ्याला प्रसाद नाही!

सांगा बरं – चारचौघांत जो बोलत नाही, विचारलं तर मान हलवतो, हाक मारली तर वाट बदलतो, अशा माणसाला तुम्ही काय म्हणता?

काय म्हणता? – शिष्ट! बरोबर! आणखी? – आखडू! वा, मावशी, अगदी शेजारीण डोळ्यांपुढं ठेवून बोललात! पलीकडून कोणीतरी म्हणालं, माजोरी. छान. सगळ्यांची उत्तरं तयार! कुणीही क्षणभर विचार केला नाही. तर ही उत्तरं अशीच ओंजळीत धरून ठेवा, आणि ऐका. शेवटी बघू, ओंजळीत काय उरतं ते.

करमाळ्याची गोष्ट. पाटबंधारे खात्यात भालचंद्र सोनटक्के म्हणून गृहस्थ. विट्याहून त्यांची बदली झाली. बरोबर बायको शैलाताई, आणि एकुलती एक लेक दुर्वा. वय चौदा, इयत्ता नववी.

आता या शैलाताई कशा? तर बोलण्याची गंगा! बाजारात कोथिंबीर घ्यायला गेल्या, की कोथिंबीरवाल्या बाईच्या सुनेचं बाळंतपण विचारून येणार! एकदा चुकीचा नंबर लागून कुणा बाईचा फोन आला – मंडळी, पाऊण तास बोलल्या! वर म्हणाल्या, "या हो एकदा घरी." ती बाई आलीसुद्धा! लोणच्याची बरणी घेऊन!

आणि अशा आईच्या पोटी दुर्वा! तोंडातून शब्द निघेल तर शपथ. म्हणजे घरात बोले. पण उंबऱ्याबाहेर पाय पडला, की जिभेला कुलूप, आणि किल्ली विट्याला राहिलेली!

तुम्ही म्हणाल, बुवा, पोरीला बोलायचंच नसेल. अहो, उलट! बोलायचं होतं म्हणून तर हाल होते! सकाळी वेणी घालताना आरशासमोर तालीम चाले. 'माझं नाव दुर्वा. तुझं नाव काय?' इतकंच वाक्य! पण मनात पुढचं सुरू – ती म्हणाली, 'तुला काय करायचंय?' तर? माझा आवाज चिरका निघाला तर? सगळ्या हसल्या तर? शाळेच्या फाटकापाशी पोचेपर्यंत पोरगी मनातल्या मनात चार भांडणं हरलेली असायची!

मग ती खिडकीजवळच्या बाकावर बसायची आणि मधल्या सुट्टीत डब्याचं झाकण तोंडापुढं धरून जेवायची.

घरी आल्यावर मात्र तिचं एक दैवत होतं. मोबाइल! आणि मोबाइलात काय? अॅनिमे!

आज्जी, घाबरू नका, रोगाचं नाव नाही हे. जपानात चित्रं काढून सिनेमे करतात, मालिका करतात, त्याला म्हणतात अॅनिमे. मीही पाहिलंय. आमच्या नातीनं दाखवलं. त्यातल्या माणसांचे डोळे केवढे? वाटीएवढे! आणि नाक? नुसतं टिंब! चित्रकारानं नाकाची शाई डोळ्यांत ओतलेली! मी म्हटलं, एक भाग बघू, आणि उठू. तीन भाग बघितले! त्या दिवशी कीर्तनाला उशिरा पोचलो, आणि यजमानांना सांगितलं की गाडी पंक्चर झाली. देवा, क्षमा कर!

तर दुर्वा जी मालिका बघायची, तिच्यातली पोरगी अगदी हिच्यासारखी. शाळेत नवी, तोंडातून शब्द नाही. तिचं जपानी नाव घ्यायला गेलो तर माझी कवळी मृदंगावर पडेल, म्हणून आपण तिला म्हणू जपानताई.

आता गंमत बघा. वर्गातल्या पोरांना काय दिसतं? जपानताई गप्प बसली आहे, एवढंच. पण चित्र काढणाऱ्यानं आपल्याला आत नेलंय! कुणी नुसतं 'नमस्कार' म्हटलं, की जपानताईच्या पोटात भूकंप! घामाचा धबधबा, आणि त्या धबधब्यात बाकं वाहून चालली आहेत! हात वर करायची वेळ आली, की बिचारी पांढरी पडते, तिचा भुगा होतो, आणि वाऱ्यावर उडून जातो! मग पुन्हा गोळा होऊन ती जागेवर बसते.

दुर्वानं पहिल्यांदा हे पाहिलं, तेव्हा ती हसली. हसता हसता रडली. मंडळी, जे आईला सांगता आलं नव्हतं, ते सातासमुद्रापलीकडच्या कुणी अनोळखी माणसानं पेन्सिलीनं काढून ठेवलं होतं! तिला वाटलं, माझं पोट यानं कधी पाहिलं?

पण त्या मालिकेत पुढं एक भानगड होती. जपानताईला मैत्रीण कशी मिळते? कोपऱ्यावर वळताना धडकते! पुस्तकं पडतात, नजरा मिळतात, गुलाबी पाकळ्यांचा पाऊस पडतो – झाली मैत्री! दुर्वाला वाटलं, हे सोपंय, यात बोलावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेजवळचा कोपरा गाठून निघाली भरभर. वळली – आणि धडकली! कुणाला? दूधवाल्याच्या सायकलला! पाकळ्या कुठल्या, अडीच लिटर म्हशीचं दूध अंगावर! दिवसभर वर्गात दह्याचा वास. जवळ येणाऱ्याही दोन बाकं लांब सरकल्या!

असे दोन महिने गेले. आणि मग आलं संकट!

त्यांचे वर्गशिक्षक लोंढे सर. माणूस वाईट नाही हो. पण हजेरी घेताना मान खाली, पेन हातात, आणि नावं अशी म्हणायचे जशी एस्टी चुकणार आहे. दुर्वाचं नाव नवीन, म्हणून यादीत सगळ्यांत शेवटी. सर म्हणायचे, "सोनटक्के दुर्वा." दुर्वा म्हणायची, "हजर." – पण कशी? ओठ हलायचे, आवाज निघायचा मुंगीच्या शिंकेएवढा! वर छताचा पंखा घर्रर्र, घर्रर्र! लाइट गेली आणि पंखा थांबला, की दुर्वा हजर. लाइट आली, की दुर्वा गैरहजर! पोरगी सरांच्या समोर जिवंत बसलेली – आणि कागदावर बेपत्ता!

महिनाअखेरीस शैलाताईंच्या मोबाइलवर शाळेचा संदेश आला. 'आपली पाल्य या महिन्यात अकरा दिवस गैरहजर आहे.'

आई ती आई! पायाखालची जमीन सरकली. पोरगी रोज दप्तर घेऊन निघते, डबा रिकामा करून येते, मग अकरा दिवस जाते कुठं? दुर्वा घरी आली तशी दारातच गाठली.

"कुठं होतीस अकरा दिवस?"

"शाळेत."

"खोटं बोलू नकोस! हे बघ काय आलंय!"

दुर्वानं वाचलं. आता खरं कारण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? 'आई, मला माझंच नाव आल्यावर हो म्हणता येत नाही'? तोंड उघडलं – आणि घरातसुद्धा शब्द फुटेना. आजवर घर तेवढं उरलं होतं, तिथंही कुलूप लागलं!

"हा मोबाइल! ही कार्टून्स! हेच बघत बसतेस ना कुठंतरी जाऊन? आण इकडे! काय एवढं आहे त्यात, मीच बघते!"

आणि शैलाताई बसल्या बघायला. शिव्या घालायच्या तयारीनं! पहिली पाच मिनिटं तोंड सुरू – "हे कसले डोळे? हिच्या आईनं वेणी नाही का घातली?" मग पडद्यावर गुरुजींनी जपानताईचं नाव पुकारलं. ती उभी राहिली. भूकंप झाला. धबधबा आला. ती पांढरी पडली, तिचा भुगा झाला आणि खिडकीतून उडून गेला. वर्गाला काय दिसलं? एक मुलगी उभी राहिली आणि काही न बोलता खाली बसली.

शैलाताई गप्प झाल्या. मंडळी, लग्नाला सतरा वर्षं झाली होती – भालचंद्ररावांनी बायकोला पहिल्यांदा गप्प पाहिलं! ते आतल्या खोलीतून धावत आले, म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?"

शैलाताईंनी त्यांना हातानंच थांबवलं. लेकीकडं वळल्या. आवाज अगदी हळू.

"दुर्वा... तुझ्या पोटात असं होतं?"

दुर्वानं मान हलवली.

"रोज?"

"हजेरीला जास्त."

आणि मग सगळं बाहेर आलं. पंखा, मुंगीची शिंक, डब्याचं झाकण, दुधाची सायकल. शैलाताईंनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. केवढी तपश्चर्या! सगळं ऐकून पदर खोचला. "उद्या मी येते शाळेत. सगळ्या पोरींना बोलावते, थालीपीठ करते, दहा मिनिटांत बारा मैत्रिणी करून देते!"

"आई, नको!" दुर्वा म्हणाली. "मैत्रिणी तुझ्या होतील गं."

काय बोलली पोर! शैलाताईंना ते पटलं. म्हणाल्या, "बरं. मग तू फक्त 'हजर' म्हण. पंख्याच्या वर जाईल एवढं. बाकीचं राहू दे."

दुसरा दिवस. लाइट होती. पंखा घर्रर्र! नावं सुरू झाली. "सोनटक्के दुर्वा."

दुर्वा उठली. दोन महिन्यांचा साठलेला आवाज पोटातून निघाला तो –

"हजर!!!"

अहो, काय आवाज! खिडकीतली कबुतरं उडाली! सरांच्या हातचं पेन पडलं! शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून म्हणाले, "कोणी मला हाक मारली?" आणि अख्खा वर्ग खो खो हसला.

झालं! ज्याला भीत होती तेच घडलं. मधली सुट्टी होताच पोरगी उठून पळाली, ती थेट पाण्याच्या टाकीमागं. डबासुद्धा बाकावरच राहिला. कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून बसली. वाटलं, आता भुगा व्हावा आणि उडून जावं. पण मंडळी, अॅनिमेत होतो तसा खरा भुगा होत नाही. खरं माणूस आहे तसंच बसून राहतं, आणि त्याला भूक लागते!

एवढ्यात पावलं वाजली. समोर एक मुलगी. दुर्वाच्या मागच्याच बाकावर बसणारी. तस्लीम मुलाणी. तिच्या एका हातात स्वतःचा डबा, दुसऱ्या हातात दुर्वाचा.

"विसरलीस," म्हणाली. आणि तिथंच उभी राहिली. जातही नाही, बसतही नाही.

आता! आता आरशापुढच्या साठ दिवसांच्या तालमी उपयोगाला यायच्या! दुर्वानं डबा घेतला, उघडला, तोंड उघडलं. 'माझं नाव दुर्वा, तुझं नाव काय' – सगळं विसरली. आणि तोंडातून काय निघालं?

"बटाटा आहे."

बटाटा आहे! मैत्रीची सुरुवात व्हायची ती अशी! वरून पाकळ्या पडायच्या, तर कडुनिंबावरच्या कावळ्यानं जे टाकायचं तेच टाकलं – बरोब्बर दोघींच्या मधे!

तस्लीमनं त्या कावळ्याकडं पाहिलं. मग आपला डबा उघडला. म्हणाली, "माझ्यात पण बटाटाच."

आणि दोघी जी हसायला लागल्या! पोट धरून! दुर्वा बुंध्यापाशी सरकली, तस्लीम टेकून बसली. जेवता जेवता तस्लीम म्हणाली, "एक सांगू? राग मानू नकोस. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, तू शिष्ट आहेस."

"मी?"

"हो! बोलत नाहीस, खिडकीबाहेर बघतेस, झाकणाआड जेवतेस. वाटलं, हिला आमची किळस येते. मला कितीदा तुझ्याशी बोलायचं होतं. पण म्हटलं, ही झिडकारेल. आज तू ओरडलीस ना, तेव्हा कळलं, अगं, ही तर आपल्यासारखीच घाबरट!"

दोन महिने दुर्वाला वाटत होतं, आपल्याकडं कुणी बघत नाही. आणि तिनं? तिनं एकदा तरी मागं वळून पाहिलं होतं? मागच्या बाकावर एक जीव रोज हिच्या वेणीकडं बघत भीत बसला होता, आणि हिला त्याचा पत्ता नव्हता!

मग दुर्वानं विचारलं, "तू अॅनिमे बघतेस?"

"म्हणजे ते बारक्या पोरांचं कार्टून?"

संपलं! दुर्वा बोलायला लागली. भूकंप, धबधबा, जपानताई – काय बोलली, काय बोलली! शैलाताईंची लेक ती शेवटी! तस्लीमला घास गिळायची फुरसत नाही. घंटा झालेली दोघींना ऐकू आली नाही. वर्गात उशिरा पोचल्या, दारातच लोंढे सर. पण रागावले नाहीत. शैलाताई मधल्या सुट्टीतच शाळेत येऊन त्यांना भेटून गेल्या होत्या, फक्त पाच मिनिटं! पोरीला दिलेला शब्द मोडला नाही, मैत्रिणींचा विषय काढला नाही, एवढंच म्हणाल्या, "सर, नाव घेताना माणसाकडं बघा." आणि त्या दिवसापासून सर पंखा बंद करतात, मान वर करतात, आणि मग नाव घेतात. ते अकरा दिवसही त्यांनी हजर करून दिले.

दुर्वाला वर्गभर मैत्रिणी झाल्या? नाही हो. एकच झाली. पोटातला भूकंप थांबला? तोही नाही, अजून होतो. पण आता तो झाला, की ती मागं वळून तस्लीमकडं बघते, आणि तस्लीम ओठांनी नुसतं म्हणते – 'बटाटा.'

मंडळी, आता तुमच्याकडं येतो. सुरुवातीला काय म्हणालात? शिष्ट. आखडू. माजोरी. कुणाला म्हणालात हो ते? वरच्या मजल्यावरच्या सुनेला? भावकीतल्या त्या अबोल पोराला? त्याच्या पोटात डोकावायला चित्रकार यायचा का जपानहून?

इथं सप्ताहाला सात दिवस बसताय. देवाचं नाम घेताय, गळा बसेपर्यंत घेताय. पण खरं सांगा – मांडीला मांडी लावून शेजारी जो बसलाय, त्याचं नाव ठाऊक आहे?

बघा! कसे गप्प झालात सगळे! आता तुम्हाला मी शिष्ट म्हणू का?

मृदंगवाले, थांबा. टाळ नको. आज गजर वेगळा. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्याकडं वळा, आणि विचारा. लाज वाटली तर वाटू द्या, आवाज चिरका निघाला तर निघू द्या, काहीच नाही सुचलं तर घरी भाजी काय केली ते सांगा!

हं... विचारा, मावशी, विचारा... हो, त्यांनाच...

अहाहा! ऐका हा आवाज! सारा मंडप कसा गुणगुणतोय. पांडुरंगा, माझ्याच्यानं आज याहून मोठा गजर व्हायचा नाही. हाच गोड मानून घे!