गोठ्यातला ताप

माझं म्हायार कोरगावचं, काजूचं नि भाताचं, आणि दिली मला इथं सर्वणला, गुरांच्या घरात. गुरांचा मला कधी कंटाळा नव्हता, काय सांगू तुम्हाला, तीन गायी, धारा काढायच्या, शेण भरायचं, सगळं मीच.

मग एका साली तांबडीनं सातव्या महिन्यात गाभ टाकला. वार अडकली, ती मीच हात घालून ओढली, उघड्या हातानं, दुसरं कोण करणार. त्याच महिन्यात मला जोर, म्हणजे ताप हो, यायला लागला. रोज तिन्हीसांजेला ताप, अंग घामानं भिजायचं, सकाळी काही नाही, आणि कंबर अशी धरायची की कळशी उचलवेना. दोतोराकडे जाईपर्यंत ताप उतरलेला, मग तो मलाच विचारी, ताप कुठे आहे बाई. एकानं संधिवात म्हटलं, दुसऱ्यानं वय झालं म्हटलं, अहो अडतीस वर्षांची होते मी! तिसऱ्यानं माझ्या घोवाला बाजूला घेऊन सांगितलं, मनाचं आहे, आणि मी दाराशी उभी, सगळं ऐकलं. घरी सासू म्हणाली, तिका कामाचो कंटाळो इलो हा. त्या दिवशी पण गोठा मीच झाडला, रडत झाडला.

अशी पाच वर्षं. शेवटी ओळखलं कोणी, तर गुरांच्या दोतोरीणबाईनं. गायीला टोचायला आलेली, मला वाकडी चालताना बघून म्हणाली, काकी, तुमच्या गायीनं कधी गाभ टाकलेला काय, तुम्ही हात लावलेला काय? इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं हो. तिनं चिठ्ठी दिली, मोठ्या इस्पितळात रक्त तपासलं, तर गायीचा जंतू, माझ्या मणक्यात गुपचूप बसलेला. मी घोवाला म्हटलं, बघा, मनात नव्हता, हाडात होता.

तो कागद घेऊन मी त्या तिसऱ्या दोतोराकडे मुद्दाम गेले. त्यानं वाचला, घडी घातली, म्हणाला, आता औषध मिळालं ना, मग झालं, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

झालं कसं? गोळ्या-इंजेक्शनांनी ताप गेला, पण मणका झिजला तो झिजलाच. आता धारा घोव काढतो, मी खुर्चीवर बसून सांगते, हात धुवा, दूध उकळा. त्या दोतोरीणबाईचं देव बरें करूं. बाकीच्यांना मला काही म्हणायचं नाही. म्हणजे आहे, पण ऐकतो कोण.